आवाज आहे तोवर

दि. १४ मार्च, सोमवार

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तारांगणाच्या घुमटाची गळती एकदाची थांबली, खुर्च्या मात्र अजून करकरतात. तुझ्या जागी कुणी आलेलं नाही. दोघींचा कार्यक्रम मी एकटीच रेटते.

तुझा रुसवा अजून गेलेला नाही, ठाऊक आहे. मुलांना समजावं म्हणून तू "सूर्य जळतो" म्हणालीस आणि भर कार्यक्रमात, माइक चालू असताना, मी म्हटलं, "जळत नाही गं बाई!" सगळे हसले, आणि तू माइक ठेवून गेलीस ती गेलीसच. पण मी अजूनही तेच म्हणेन. जळतं ते लाकूड. सूर्याच्या पोटात हायड्रोजनची केंद्रकं एकमेकांवर आदळतात आणि टप्प्याटप्प्यानं चारांचं मिळून एक हेलियम होतं. त्याचं वजन त्या चौघांपेक्षा किंचित कमी भरतं. तेवढी तूट उजेड आणि उष्णता होऊन बाहेर पडते. याला जळणं म्हणत नाहीत.

शुक्रवारी नेमकी इथेच अडले. "ही केंद्रकं सारख्याच विद्युतभाराची, म्हणून एकमेकांना दूर ढकलतात. पण गाभ्यातल्या दाबानं आणि उष्णतेनं ती अगदी जवळ आली, की..." आणि पुढे आवाजच फुटेना. यंत्रावरच्या काकांना वाटलं, मी मुद्दाम थांबलेय. त्यांनी सूर्य तसाच डोक्यावर लटकत ठेवला. अंधारात शाळेची पोरं श्वास रोखून बसलेली आणि मी नुसती तोंड उघडून उभी. शेवटी एक मुलगी ओरडली, "की काय?"

पुढचं वाक्य मुळात तुझं. "की अशी चिकटतात, सुटता सुटत नाहीत!" तू ते किती झोकात म्हणायचीस.

घसा बसलाय, असं सगळ्यांना सांगितलंय. तुलाही तेच लिहिणार होते. पण स्वरयंत्रावर गाठ आहे. गुरुवारी काढणार. जिवाला धोका नाही म्हणतात. "आवाज राहील ना?" विचारलं, तर डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी फार घाबरलेय गं.

बुधवारपर्यंत ये. नंतर तू माइकवरून खुशाल "जळतो" म्हण, मला अडवता येणार नाही. पण त्याआधी एकदा येऊन माझ्याशी कडाकडा भांडून जा.

तुझी, अजून बोलती,
ताई