ढोलकी मागून चालते

२ फेब्रु., सोम.
दुसऱ्या अल्बमसाठी मी स्वतःच्या हातांनी केलेलं: आवाज भरायला कपाटाचं बूथ, आतून आईच्या दोन गोधड्या, दाराला रबराची पट्टी. माइकपुढची जाळी, भरतकामाच्या रिंगवर पायमोजा ताणून. स्टँड जुन्या पेडेस्टल फॅनचा, जराही डुगडुगत नाही. आठ गाण्यांचे शब्द, रॅप, मिक्सिंग. शिकवलं कुणी नाही. ढोलकी तेवढी आमच्या जुन्या गायन पार्टीतल्या अनंतदादांची.
पहिला अल्बम म्युझिक कंपनीने दिलेल्या बीटवर केला होता. एक गाणं चाललं. अकरा वर्षं झाली, परळ नाक्यावर अजून तेच म्हणून दाखवतात. हा नाही वाजला तर मी एका गाण्याचाच.

५ फेब्रु., गुरु.
कंपनीचा रोहन ऐकायला घरी आला. पोरगा नीट आहे. तीन गाणी मान हलवत ऐकली, मग हेडफोन काढून, "सर, क्लिक कुठाय?"
म्हणजे कानात टिकटिक लावून रेकॉर्ड करतात ती. मी लावलीच नव्हती. आधी मी बोललो, त्यावर दादांनी वाजवलं.
"उलटं केलंत सर. आधी बीट, मग आवाज."
सांगितलं, आमच्या गायन पार्टीत ढोलकी गाणाऱ्याच्या मागून चालते. त्याने श्वास घेतला की तीही थांबते.
"पण डीजे दुसऱ्या गाण्याला जोडणार कसं? सगळी क्लिकवर सरळ करावी लागतील."
मुद्दा खरा. म्हणूनच राग आला.

८ फेब्रु., रवि.
'गॅलरी' हे गाणं सरळ करून पाहिलं. एकेक थाप उचलून जागेवर. काम स्वच्छ झालंय, कुणी खोट काढून दाखवावी.
सुजाता मेथी निवडत होती. "छान आहे." जरा वेळाने, "अहो, पण बातम्या देताय असं वाटतंय."
मग मूळचं लावलं. तिची बोटं परातीवर ताल धरायला लागली.
सरळ केलेलं उडवलं नाही. कामाचा नमुना म्हणून असू दे.

१० फेब्रु., मंगळ.
अनंतदादा आले. पार्टी बंद पडून किती वर्षं झाली, पण बसताना मांडी अजून ढोलकीचीच. कंपनीचं सगळं सांगितलं.
"मग कर की सरळ! मी वाजवून मोकळा झालो."
"दादा, मग तुम्ही राहणार नाही त्यात."
"तू तरी राहशील ना?" बशीत फुंकर मारली. "पहिल्या अल्बमात होतास होय रे? मला तर कुठे ऐकू आला नाहीस."
"टोमणे पुरे आता."
"टोमणा कसला! श्वासच नव्हता कुठे. माणूस बोलतोय की मशीन, कळायचं कसं?"
अकरा वर्षं हे पोटात ठेवून होते. दुसरा चहा सांगितला.

१४ फेब्रु., शनि.
नायगावला हॉलमध्ये आपल्या लोकांसमोर आठही गाणी केली. दादा मागे. चौथ्यालाच कुणीतरी ओरडलं, "जुनं म्हण ना रे!" कंपनीच्या बीटचा ट्रॅक आणलाच नव्हता. दादांनी डोळ्यांनी विचारलं, म्हटलं चला. मधल्या कडव्यात दम लागला, थांबलो, तेही थांबले. मग दोघं एकदम सुटलो.
माझंच गाणं, आज पहिल्यांदा आवडलं. बायकांनी पुन्हा म्हणायला लावलं. घसा बसलाय. झोप मस्त लागेल.

१७ फेब्रु., मंगळ.
रोहनचा फोन. साहेबांनी मागणी पक्की केली: आठही गाणी सरळ करायची, ढोलकी कंपनीची, आवाज माझा. जाहिरात, व्हिडिओ, सगळं ते बघणार, वर मला पैसे.
"सर, असं पुन्हा नाही येणार. खरं सांगतो." तोही मनापासूनच म्हणाला.
सुजाताने खुणेने विचारलं, किती? बोटांनी दाखवलं. ती खाली बसली. मग म्हणाली, "बघा. गाणी तुमची आहेत."
शुक्रवारी अल्बम मीच ऑनलाइन टाकतोय, आहे तसा. वाजेल, न वाजेल.
रोहनला नाही म्हटलं. बारा लाख.