उजवी काच डाव्या डोळ्याला

प्रिय बॅरिस्टर,

अक्षर ओळखून पाकीट तसंच फेकून दिलं नसशील, असं धरून लिहितो. दोन वर्षं झाली. मी बरा आहे. चष्म्याच्या दुकानात कामाला लागलोय. पुढे काउंटर, आरशांच्या पाठीमागे एक अरुंद खोली, तिथे बसून मी काचा घासतो आणि फ्रेममध्ये बसवतो. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम मालकांनी पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून काढून घेतलं. का, ते तुला सांगायला नको.

डोकं मात्र ठिकाणावर नाही. गच्चीवर कपडे आणायला जातो आणि दोरीखाली उभा राहून आठवत बसतो, की आपण वर कशाला आलो होतो. परवा मोबाइलच्या उजेडात पलंगाखाली मोबाइल शोधत होतो. कुलूप लावून तीन जिने उतरतो, लावलं की नाही म्हणून पुन्हा वर. एका सुट्टीला भाजी आणायला निघालो तर पायांनी थेट कॉलेजच्या फाटकाशी नेऊन उभं केलं. वॉचमननं ओळखलं नाही. परत फिरलो, भाजी राहिलीच. तुझा नंबर झोपेतही सांगेन, माझा स्वतःचा कुणी विचारला तर खिशात हात घालावा लागतो. आई म्हणते, प्रेमात पडलं की असं होतं. मी म्हटलं, त्याला दोन वर्षं झाली. तर म्हणाली, पडलास ते बघितलं रे, उठलास कधी?

पूर्वी एवढ्यावर मी डबा आपटला असता. आता काही होत नाही. दात काढताना सुई दिल्यावर गाल असतो ना, आपलाच पण परका, तसं सगळं आहे. तुझ्यावर अजून जीव आहे का, तेही चाचपून बघतो. हाताला लागतं, पण दुखत नाही.

तर दीड महिन्यापूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. काच घासायला घेण्याआधी तिच्यावर पेनानं उजवी का डावी ते लिहायचं, एवढा साधा नियम. ज्याचा चष्मा होता त्याच्या दोन डोळ्यांचे नंबर अगदी वेगळे होते. मी उजवीवर डावी लिहिलं, डावीवर उजवी, आणि पुढचं सगळं चोख केलं. कडा गुळगुळीत, स्क्रू घट्ट. मालक तापानं घरी होते, त्यामुळे तपासायला कोणी नाही. चष्मा गेला, न्यायला घरचं कुणीतरी आलं होतं. गेल्या मंगळवारी परत आला, तोही नाकावर बसून. आणि नाक कुणाचं, तर आपल्या प्रयोगशाळेतल्या मामांचं. परीक्षानळी फोडली की ओरडायचे आणि नोंद मात्र करायचे नाहीत, ते मामा.

महिनाभर त्यांनी तो तसाच वापरला होता. पहिले चार दिवस डोकं दुखलं म्हणे. मग वाटलं, वय झालं, आता जगच असं धुरकट दिसायचं. शेवटी सून दटावून घेऊन आली. मी काचा बदलून दिल्या. त्यांनी चष्मा घातला, खाली बघितलं आणि काउंटर धरला. अरे, फरशी वर आलीय, म्हणाले. चांगला चाललेला चष्मा बिघडवलास की लेका. काही केल्या पटेना त्यांना, की आधीचा चुकीचा होता आणि हा बरोबर आहे. चार दिवस घाला, म्हटलं, बसेल नजर. सून बाहेर फोनवर बोलत होती. नाकावर टेकणाऱ्या पॅड जरा वाकवून देतो म्हणून मी त्यांना मागच्या खोलीत स्टुलावर बसवलं, आणि नेहमीची गोष्ट काढली.

ती गोष्ट तुलाही ठाऊक असणार, कारण ती मीच गावभर केली. सरांनी माझी वही नक्कल म्हणून बाजूला टाकली, मी भडकून तो काचेच्या पेटीतला वजनकाटा ढकलून दिला, तेव्हा मागे दोघंतिघंच होते. मग चौकशी. प्राचार्यांची खोली, तू खिडकीपाशी, पिवळी ओढणी, मान खाली. कुणी केलं म्हणून विचारलं आणि तू म्हणालीस, यानंच. त्याच दिवशी मी कॉलेज सोडलं. हे मी आईला सांगितलं, लंबूला सांगितलं, आपल्या सगळ्या टोळक्याला सांगितलं, दर वेळी ओढणीसकट.

मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ती पोरगी खोलीत नव्हतीच. नाव मी सांगितलं. नोकरीचा प्रश्न होता बाबा. ती बाहेर बाकावर बसली होती, तुला काढू नका म्हणून अर्ज लिहून, वर पाच-सहा जणांच्या सह्या घेऊन. तू बाहेर आलास, तिच्या हातातला कागद घेऊन फाडलास आणि तिला काहीबाही बोललास. काय बोललास ते मी ऐकलंय, पण माझ्या तोंडून नाही यायचं. आणि वर म्हणाले, शेवटच्या वर्षाचे सगळे प्रयोग एकटीनं केले तिनं. जोडीला कुणी उभं राहीना.

माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. समोर तो माणूस, ज्यानं माझं नाव घेतलं. तुला वाटेल मी उसळलो असेन. मी दुसऱ्या बाजूची पॅड वाकवली, काच फडक्यानं पुसली आणि चष्मा त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, चिडला नाहीस? मी म्हटलं, फरशी अजून वर दिसतेय का?

ओढणीचा पत्ता दोन दिवसांनी लागला. सहलीच्या बसची वाट बघत तू वर्गाच्या खिडकीत उभी होतीस, पहिल्या वर्षी, तेव्हाची ती. माझ्या डोक्यानं तुला तिथून उचललं आणि प्राचार्यांच्या खोलीत आणून उभं केलं. कडा गुळगुळीत, स्क्रू घट्ट.

आईला खरं सांगितलं. तिनं गॅस बंद केला. म्हणाली, दोन वर्षं मी त्या पोरीच्या नावानं बोटं मोडली, ती आता कुठे नेऊन ठेवू? लंबू म्हणाला, सोड ना यार, आता कुणाच्या लक्षात आहे. मी म्हटलं, तिच्या. उरलेल्या चौघांना रविवारी गाठणार आहे, एकेकाला समोर बसवून. त्यांनी तुला फोन केला तर उचलायचा की नाही ते तू ठरव.

पण हे पत्र माफीसाठी नाही. मागायचीसुद्धा लायकी आधी असावी लागते. आज सकाळी दात घासत होतो आणि ते चित्र पुन्हा आलं. खिडकी, मान खाली, यानंच. मामांकडून सगळं ऐकून आठ दिवसही झाले नाहीत, तरी ते इतकं स्पष्ट होतं की क्षणभर मला वाटलं, मामाच खोटं बोलले. म्हणजे खरं काय ते मला आता कळलंय, पण ते माझ्याजवळ टिकणार नाही. म्हणून सोबतच्या कागदावर लिहून काढलं: तू खोलीत नव्हतीस, तू माझं नाव घेतलं नाहीस, तू माझ्यासाठी अर्ज लिहिलास आणि तो मी फाडला. खाली सही आहे, तारीख आहे. हे तुझ्याजवळ ठेव. माझ्याकडे राहिलं, तर सहा महिन्यांनी मी वाचीन आणि मला वाटेल, तुझी समजूत काढायला काहीतरी लिहिलं होतं. बाकावर तुला काय बोललो, ते मात्र कितीही ताणलं तरी आठवत नाही. तेवढी ओळ मला भरता आली नाही. ती तुझ्याकडेच आहे.

तुझाच, म्हणजे तू ज्याच्यासाठी सह्या गोळा केल्यास तोच,
रॉकेल