दुखत असताना करायचा श्वास

माय, माझं मूळव्याधीचं ऑपरेशन होऊन आज चौथा दिवस. हे वाक्य मी अजून कुणाजवळ मोठ्यानं बोललेली नाही, म्हणून आधी तुला लिहिते. तुला जाऊन अकरा वर्षं झाली. आता तरी तू लाजणार नाहीस.

परवा नांदेडच्या दवाखान्यातून खोलीवर सोडलं. कोमट पाण्याच्या टबात बसते तेव्हा सिस्टरनं शिकवलेला श्वास करते. नाकानं चार आकडे आत, तोंडानं सहा आकडे बाहेर, पोट सैल. पहिल्या दिवशी भूल उतरली आणि कळ आली, तेव्हा मी दात आवळून, श्वास कोंडून पडले होते. सिस्टर म्हणाली, "ताई, श्वास कोंडला की खालचं सगळं आवळतं, अन् जास्तच दुखतं. गरम चहावर फुंकर घालता ना, तसा हळू सोडा." सोडला. कळ गेली नाही, पण तिचं टोक जरा बोथट झालं. गोळ्या होत्या, मलम होतं, त्यांच्या जोडीला हा श्वास. आणि त्याच क्षणी मला रडू फुटलं. सिस्टरला वाटलं, दुखण्यानंच.

कारण हा श्वास मला नवा नव्हता. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी योगशिबिरातून मी तो शिकून आले होते. घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच मी, तेव्हा अंगात केवढा उत्साह. जळकोटला आपल्या अंगणात गल्लीतल्या बायका गोळा केल्या आणि शिकवायला उभी राहिले. तू सगळ्यांच्या मागं, उंबऱ्याशी, एका मांडीवर भार देऊन तिरकी बसली आहेस. मधेच विचारतेस, "दुखत असताना बी करायचं का ह्ये?" मी म्हणते, "माय, हा काय बाम आहे का? हे मनाच्या शांतीसाठी असतं." बायका हसतात. तूही पदर तोंडाला लावून हसतेस. काय दुखतंय, हे मी विचारत नाही.

त्या दिवसांत तुझे उपवास वाढत चालले होते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, मग शनिवारही. बाबा पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. मी चिडायचे. चुलीपुढं उभी राहून तुला ऐकवायचे, की उपाशी राहून कसलं पुण्य मिळतं, शरीर म्हणजे काय हे तुला कळत नाही. तू भाकरी थापता थापता एवढंच म्हणालीस, "तू शिकलीस बाई, तुला कळतंय." मला वाटलं, मी जिंकले.

मग एका सकाळी तू नळावर घागर भरताना कोसळलीस. लातूरला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, रक्त किती दिवसांपासून जातंय? बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मी बाबांकडं. बाहेर व्हरांड्यात काकूनं मला बाजूला घेतलं. "तिचे उपास देवाचे नव्हते गं. खाल्लं की परसाकडं जावं लागतंय, अन् गेलं की रक्ताची धार. दोन वर्सं झाली. कुणाला सांगू नको म्हणाली." अंगात रक्तच उरलं नव्हतं. रक्ताची पिशवी येईपर्यंत तू थांबली नाहीस. तेराव्याला बायका म्हणत होत्या, मोठी व्रती बाई होती. मी पंगतीत वाढत राहिले.

तुझा राग येतो, माय. दोन वर्षं आपण एकाच खोलीत झोपत होतो. काकूला सांगितलंस, मला नाही. पण तू विचारलं होतंस. एकदाच, तुला जमेल तसं, चारचौघींत. त्यावर मी उत्तर दिलं आणि बायकांना हसवलं.

आता मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. मुलींना सांगते, शरीराची लाज धरू नका, दुखलं तर बोला. दीड वर्ष मी स्वतः बोलले नव्हते. रजेच्या अर्जात 'पोटाचं ऑपरेशन' असं लिहिलंय. रोज डबा आणणाऱ्या वहिनीलाही तेच सांगितलंय. ही वही तिच्या हाती लागू नये, म्हणून उशीखाली ठेवते.

डॉक्टरांनी बजावलंय, पोटभर जेवा, पालेभाज्या खा, भरपूर पाणी प्या, उपाशी राहिलात तर त्रास वाढेल. हे मला न सांगताही ठाऊक होतं. काल पहिल्यांदा शौचाला बसले तेव्हा चार आणि सहा मोजता मोजता आकडे विसरले आणि टॉवेल दातात धरला. आज सकाळी वहिनी डबा घेऊन आली. ज्वारीची भाकरी, मेथीची पातळ भाजी. झाकण उघडताच वास आला आणि भूक लागली होती, खरंच लागली होती.

मी म्हणाले, "वहिनी, आज माझा उपवास आहे."

तिनं कौतुकानं माझ्याकडं पाहिलं आणि डबा परत नेला.