दिग्रसहून आलेली गर्दी

लोहारा, यवतमाळ
२ सप्टेंबर २०२४

ती. धर्मपालमामांस,
सादर जयभीम, वि. वि.

फोनवर तुम्ही बरं आहे ना विचारता आणि उत्तर ऐकायच्या आत ठेवून देता, म्हणून हे पत्र. आमचा शिलाईचा कारखाना सुरतेला चालला आहे. सोबत येणार की नाही, ते दिवाळीच्या आत सांगायचं आहे. आई म्हणते, तुले जायचं तर जाय, मी काही तिकडे येत नाही. तिला एकटी टाकून मी कशी जाऊ?

म्हणून सगळी आशा माझ्या वेबसाइटवर. शिलाई मशीन कोणती घ्यावी, कात्री कशी पारखावी, असं मी तिथे लिहिते. मशीनच्या एका कंपनीने मला त्यांच्या कमिशनच्या योजनेत घेतलं, तर माझ्या लिंकवरून खपलेल्या मशीनमागे मला पैसे मिळतील आणि इथेच राहता येईल. जूनमध्ये त्यांनी माझा अर्ज नाकारला. चूक माझीच. साइट अर्धी रिकामी होती, पत्ता नव्हता, फोटो दुसऱ्यांचे उचललेले. आता ते सगळं नीट केलं आहे. वाचणारे तेवढे कमी, तीच धाकधूक. महिनाअखेरीस पुन्हा अर्ज करणार आहे.

मामीला जयभीम, आणि तुमच्या ब्लडप्रेशरला माझा दम. लोभ आहेच, तो वाढता ठेवा.

तुमची दीपमाला

दिग्रस
११ सप्टेंबर

चि. दीपमालास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र पोचलं. एसटीत जन्मभर कंडक्टरकी केली, पण रिकामी गाडी कधी स्टँडवरून हलू दिली नाही. पुसद-पुसद ओरडून घसा बसायचा, पण गाडी भरायची. आणि मामा जिवंत असताना तुझी गाडी रिकामी जाते म्हणजे काय? तू फक्त लिहीत राहा, बाकीचं मी बघतो. कसं ते विचारू नकोस, तू लहानपणापासूनच फार चौकस. कौसल्येला सांग, तुझी लेक कुठे जात नाही.

मामावर माया असू दे.

धर्मपालमामा

लोहारा
६ ऑक्टोबर

ती. मामांस,
जयभीम, वि. वि.

अर्ज पुन्हा नाकारला. गेल्या महिन्यात साइटवर एकदम गर्दी झाली, तेव्हा मी वेडी आनंदाने आईला पेढे देऊन बसले. कंपनीने ती गर्दी तपासली. सगळे दिग्रसचे, तेही एकदोन ठिकाणांहूनच. येतात, प्रत्येक लिंक दाबतात आणि एक ओळ न वाचता जातात. एकानेही मशीन घेतली नाही. कंपनीचं म्हणणं, मी पैसे देऊन खोटे वाचक आणले. मी फोन केला तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या की वाचक थोडे असते तरी चाललं असतं, खरे हवे होते. आता सहा महिने अर्ज करता येणार नाही.

मामा, दिग्रस म्हटल्यावर मला कुणाचं नाव आठवलं असेल? रागावून लिहीत नाही असं लिहिणार होते, पण रागावले आहे. सुरतेला येते म्हणून मी कारखान्यात कळवलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

दीपमाला

दिग्रस
१२ ऑक्टोबर

चि. दीपमाला,

मीच तो. विहाराच्या वाचनालयात भरतीचा अभ्यास करणारी मुलं बसतात. त्यांना चहा पाजून तुझी साइट उघडायला लावली, लिंका दाबायला लावल्या. समोरच्या नौशादला सांगितलं की दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मोबाईलवर आधी तुझीच साइट लावायची. तो बिचारा म्हणालाही की काका, कंपनीले हे समजते, कायले करून राह्यले. मी त्यालाच गप्प केलं.

प्रवासी कुठेतरी जायचं असतं म्हणून गाडीत चढतो, एवढं कंडक्टरला कळायला नको? कौसल्या माझी धाकटी बहीण, आणि तिची लेक मी माझ्या हाताने तिच्यापासून तोडली. घास गिळवत नाही. म्हणशील तर त्या कंपनीच्या दारात जाऊन उभा राहतो.

आशीर्वाद द्यायचीही लाज वाटते, तरी देतो.

मामा

लोहारा
२० ऑक्टोबर

ती. मामांस,
जयभीम, वि. वि.

कुठे जाऊ नका. मीच त्या बाईंना खरं काय ते सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या की असा मामा सगळ्यांना मिळो, पण नियम तो नियम. आईला सुरतेचं सांगितलं. दोन दिवसांनी ती आपणहून म्हणाली की मले दिग्रसले दादाकडे सोडून दे.

लिहिणं मी सोडणार नाही, एप्रिलमध्ये पुन्हा अर्ज करीन. तुम्ही एकट्याने, निवांत, शेवटपर्यंत वाचा, त्याने काही बिघडत नाही. आणि जेवा. राग उतरला आहे, माया होती तिथेच आहे.

तुमची दीपमाला

दिग्रस
१७ नोव्हेंबर

चि. दीपमालास, मु. सुरत,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

कौसल्या इथे बऱ्यापैकी रुळली. मामी तिला चुलीपाशी येऊ देत नाही, त्यावरून दोघींची रोज जुंपते. तुझं नवीन काही आलं की ती चष्मा लावून वाचायला बसते. तू मलाही वाच म्हणालीस, पण माझा हात धजत नाही. ती वाचायला लागली की मी बाहेर ओट्यावर जाऊन बसतो.

काल आतून तिचं हसणं ऐकू आलं. मग ते मध्येच थांबलं, म्हणून आत गेलो. फोन मांडीवर तसाच होता. मला पाहून तिने विचारलं की दादा, एप्रिलमध्ये तरी घेतील ना माझ्या पोरीले? मी पुन्हा ओट्यावर येऊन बसलो.

लोभ मागायचा हक्क उरलेला नाही, तरी मागतो.

तुझा अपराधी मामा