तपासणाऱ्या बाईचं नाव

आई,

हवल्लीच्या फ्लॅटमधलं आपलं जेवणाचं टेबल अलीकडे आठवतं. आखाती युद्ध संपून तिथे दोन-तीन वर्षं झाली होती. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, भाजी निवडून झाली की तू त्याच टेबलावर ऑफिसचे कागद पसरायचीस. तेलाच्या पाइपलाइनी आखणाऱ्या कंपनीत तुझं काम एवढंच: कॉम्प्युटरने काढलेली गणितं पेन्सिलने पुन्हा करून बघायची. रिपोर्टवर सही साहेबांची.

त्या वर्षी तुमच्याकडे अमेरिकेहून एक कृष्णवर्णीय इंजिनिअर बाई आली. डबा खाताना तिने तुला आपल्या मावशीबद्दल सांगितलं, आणि तू मला, कणीक मळता मळता. "अगं, माणूस अवकाशात पाठवायचा तर यान कसं फिरणार, कुठे उतरणार, हे तिच्या मावशीसारख्या बायका कागदावर काढायच्या. बसायची खोली वेगळी, जेवायचं टेबल वेगळं, का तर गोऱ्यांमध्ये नको. रिपोर्टवर नाव नाही. आणि एक अंतराळवीर उड्डाणाआधी त्यांच्यातल्या एकीबद्दल म्हणाला, यंत्राचे आकडे त्या बाईंकडून तपासून घ्या, मगच मी बसतो."

मी तेरा वर्षांची. "ओके, सो?" म्हणाले आणि टीव्ही लावला. तू परात पुढे ओढलीस.

पुढच्याच महिन्यात तुला एका पाइपचं गणित चुकीचं दिसलं. उन्हाने पाइप किती लांबेल त्याचा आकडा जवळजवळ निम्माच आला होता. सेल्सिअसमधलं तापमान कुणीतरी फॅरनहाइट म्हणून भरलं होतं. साहेब म्हणाले, "मॅडम, कॉम्प्युटर गलत नहीं होता." तू म्हणालीस, "सर, कॉम्प्युटर नहीं, उसमें भरा टेम्परेचर गलत है. मैंने तीन बार किया है." दोन दिवस ते तुझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः करून पाहिलं, आकडा तुझाच निघाला. आभार वगैरे मानले नाहीत. तू मात्र त्यांच्या टेबलासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस की रिपोर्टवर 'तपासलं' या रकान्यात माझं नाव हवं. ही हिंमत कुठून आली हे तू बाबांना सांगितलंस: "त्या अमेरिकेच्या बाईची मावशी नाव मागायला लागली, तेव्हाच तिचं नाव छापलं गेलं म्हणे."

नाव आलं. त्या पानाची झेरॉक्स तू घरी आणलीस. बाबांनी चष्मा लावून वाचली. मी पाहिलं असेल, नक्की सांगता येत नाही.

तू गेलीस त्याला आता बरीच वर्षं झाली. अवकाशाची गणितं करणाऱ्या त्या बायकांना अलीकडे मोठे सन्मान मिळाले, त्यांच्यावर पुस्तकं आली, माझ्या मुलीने शाळेत प्रकल्प केला. ती मला इंग्रजीतच विचारते, आजी काय करायची? मी व्यवस्थित सांगते. पाइप, ऊन, पेन्सिल. तिला ते आवडतं.

तिला एक सांगितलं नाही, तुलाही कधी नाही. त्याच वर्षी शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय लिहायचा होता. मी 'हाउसवाइफ' लिहिलं. मैत्रिणींनी तेच लिहिलं होतं, आणि तुझ्या कामाला एका शब्दाचं नाव मला सापडत नव्हतं. खाली पालकांची सही हवी होती. तू स्वयंपाकघरातच होतीस. मी फॉर्म बाबांकडे नेला, कारण ते न वाचता सही करायचे.