चौथ्या चौकटीतली खूण

३ जुलै, सकाळ
चाग्रांची, म्हणजे आम्हा डोंगरातल्या घोडेस्वार गुराख्यांची, मिरवणूक अठरा दिवसांवर आली. यंदा सगळ्यांच्या पुढे मी आणि माझा घोडा त्रुएनो. गेल्या वर्षी गुडघा आडवा आला, त्याआधी कंबर. यंदा कुठलंही निमित्त काढायचं नाही.

हसिएंडावर, या जुन्या शेतवाड्यावर, येणाऱ्या पाहुण्यांना घोडे मी लावून देतो, त्याला बावीस वर्षं झाली. माणूस फाटकातून चालत आला की मला कळतं, याला कुठला द्यायचा. आता आमच्या पोरीने, निएवेसने, फॉर्म छापून आणलेत. चार चौकटी: कधीच बसलो नाही, थोडं येतं, बरं येतं, उत्तम येतं. तिला म्हटलं, लिहून घे, चौथ्या चौकटीत खूण करेल त्याला डोळे मिटून पालोमा द्यायची. पालोमा आमची सर्वांत म्हातारी घोडी. ज्याला खरंच येतं, तो सांगत सुटत नाही. निएवेसने खरंच वहीत लिहून घेतलं.

६ जुलै
राजधानीतून, कीतोहून, एक वकीलसाहेब आले. त्यांचा फॉर्म मी बघितलाच नाही. पाय फाकवून चालत होते, म्हणजे जातिवंत घोडेस्वार. तेज घोडा दिला. बटाट्याच्या शेतातून उचलून आणावे लागले. ती चाल खुब्याच्या ऑपरेशनमुळे होती म्हणे. हे आधी सांगायला नको?

९ जुलै
उद्यापासून पहाटे पाचला त्रुएनोवर सराव. रोज.

१० जुलै
धुकं.

११ जुलै
धुकं नव्हतं. पण त्रुएनोला मिरवणुकीआधी विश्रांती हवी.

१३ जुलै
फार थकवा आलाय. कशाने कोण जाणे, सराव तर अजून सुरू व्हायचाय.

१४ जुलै, दुपार
त्रुएनोवर बसलो. उतरलोही, दुसऱ्या बाजूने. झोइला म्हणते, पडलात. बायकोला बारकावे कळत नाहीत. कंबरेला मेंढीची चरबी चोळताना म्हणाली, अहो, सदुसष्ट पूर्ण झाली, स्वतःची नाही तर निदान त्या घोड्याची तरी दया करा. मग तिने डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं. यापुढे तिच्यादेखत सराव करायचा नाही.

१७ जुलै
निएवेस म्हणाली, बाबा, मिरवणुकीला येणाऱ्या प्रत्येकाने फॉर्म भरायचा, तुम्हीपण. मला फॉर्म. हिला तीन वर्षांची असताना घोड्यावर कुणी बसवलं? चौथ्या चौकटीत खूण केली. इतकी दाबून की कागद फाटला.

२१ जुलै, संध्याकाळ
लाल पोंचो, केसाळ कातड्याची विजार, सगळं चढवून सकाळी अंगणात आलो. माझं खोगीर पालोमावर. त्रुएनोवर निएवेस बसलेली. मी काही बोलायच्या आत तिने वही पुढे केली. माझंच वाक्य, जसंच्या तसं, वर माझं नाव.

भांडायला दम नव्हता. बसलो. पालोमा रांगेच्या शेवटी, पाहुण्यांच्याही मागे चालली. एकदाही अडखळली नाही. गुडघाही दुखला नाही, हे घरात सांगायचं नाही. सगळ्यांच्या पुढे पोरीची ताठ पाठ दिसत होती. लोक टाळ्या वाजवत होते. डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार होती.

घरी झोइलाने उतरायला स्टूल आणून ठेवलं. नको म्हटलं. मग बराच वेळ पालोमावर नुसताच बसून राहिलो. शेवटी स्टुलावरूनच उतरलो.

जोडी मात्र पोरीने अचूक लावली. नजर माझ्यावर गेलीय तिची.