हुकूम मानणारा

मध्यवर्ती कारागृह
दि. ८ जुलै १९८४

चि. मथुरास,
आबाचे आशीर्वाद. मी इथं बरा आहे. तू, तुझी आई आणि मामी गावाकडं खुशाल असाल असं धरून चालतो. माझी पत्रं आईला दाखवतेस की लपवतेस, ते तू कधी लिहीत नाहीस.

नागरिकशास्त्रात राज्यपद्धतींचा धडा आहे, गुरुजींनी घरच्या मोठ्या माणसाला विचारून उदाहरणं आणायला सांगितलीत, आणि तू विचारायला जेलातला माणूस निवडलास. वाचून हसू आलं. असो. तुझा बाप सातवी पास आहे, जमेल तेवढं सांगतो.

राजेशाहीत राजाचा पोरगा राजा होतो, रयतेला कुणी विचारत नाही. आपल्याकडं निजाम होता. मी आठ वर्षांचा असताना रझाकार गावात आले. माझ्या चुलत्यानं त्यांना घोडं द्यायला नकार दिला, तर त्याला चिंचेला उलटं टांगून तळपायावर मारलं. पुढं जन्मभर त्याला टाचा टेकता आल्या नाहीत. राजा तिकडं हैदराबादेत. त्यानं चुलत्याचं नावसुद्धा ऐकलं नसेल.

मूठभर लोकांच्या हातात सगळं असलं तर ती अल्पसत्ता. बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीच्या दुकानात मिलो यायची, तांबडी ज्वारी. ती कुणाला द्यायची ते गावातली चार घरं ठरवायची. रांगेत कुणी आवाज केला की त्याला हाणायला माणसं ठेवलेली असायची. त्या माणसांना मिलो पहिल्यांदा मिळायची. मी त्यांतला एक होतो. तू तेव्हा अंगावर पीत होतीस.

हुकूमशाहीत एकच माणूस सांगतो, आणि त्याला 'का' म्हणून कुणी विचारत नाही. आपल्या सोसायटीचे चेअरमन आण्णासाहेब दरवेळी बिनविरोध यायचे. एकदा एकानं त्यांच्यासमोर अर्ज भरला. आठ दिवसांत त्याचा गोठा पेटला, बैलजोडी आत बांधलेली. बैलांचं ओरडणं वेशीपर्यंत ऐकू येत होतं. पुन्हा कुणी अर्ज भरला नाही.

लोकशाहीत आपणच निवडतो, आणि नको झाला तर खाली उतरवतो, कुणाचं डोकं न फोडता. ग्रामपंचायत, सोसायटी, कारखाना, सगळं कागदावर असंच आहे. तुझा ज्ञानोबा मामा कागदावरचं खरं धरून चालायचा. पेपरात त्याचं उदाहरण लिही.

मामा गेला त्या दिवसाचं तू परत विचारलंस. मागं सांगितलंच आहे. घाव बंडप्पानं घातला, मी सोडवायला मधी पडलो. कोर्टानं दोघांनाही धरलं. आता अभ्यासाकडं लक्ष दे.

तुझा आबा,
लिंबाजी


मध्यवर्ती कारागृह
दि. ३० सप्टेंबर १९८४

चि. मथुरा,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले. गुरुजींनी तुझी उदाहरणं वर्गात वाचून दाखवली, हे वाचून बरं वाटलं. खाली तू लिहिलंस, "आबा, हुकूम देणाऱ्याला हुकूमशहा म्हणतात. मग हुकूम मानून जो मारतो, त्याला काय म्हणतात? गुरुजी म्हणाले, पुस्तकात न्हाय." दोन महिने मी त्याचं उत्तर टाळलं.

गेल्या मंगळवारी बंडप्पा मेला. छातीचा रोग होता. माझ्याच बराकीत, चार माणसं सोडून त्याची वळकटी. पाच वर्षांत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. त्याला उचलायला मी पुढं झालो तर बाकीच्या कैद्यांनी मला ढकललं. त्यांना सगळं माहीत होतं.

तुला मी खोटं सांगितलं, मथुरा.

सोसायटीच्या निवडणुकीला अर्ज भरायचा तो शेवटचा दिवस होता. ज्ञानोबा सकाळीच सायकलवर तेरच्या रस्त्यानं उस्मानाबादला निघाला. कोरड्या ओढ्यावरच्या पुलाशी मी आणि बंडप्पा उभे होतो, त्याला अडवायला आण्णासाहेबांनी धाडलेले. आम्हाला बघून तो खाली उतरला.

"दाजी, इकडं कुठं?"

"माघारी फिर, ज्ञानोबा. अर्ज भरू नको."

"का म्हणून? म्या सभासद हाय. कायद्यात बसतंय."

बंडप्पानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्याच्या मनगटावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज आला. सायकल आडवी झाली. ज्ञानोबा खाली बसला, आणि दुसऱ्या हातानं खिशातला अर्ज काढून त्यानं माझ्यापुढं धरला.

"घ्या, दाजी. जातो म्या माघारी. अक्काला सांगू नका, तिला सोसायचं न्हाय."

अक्का म्हणजे तुझी आई.

बंडप्पा म्हणाला, "सोड, लिंबाजी. जातोय त्यो. काम झालं."

काम झालंच होतं. अर्ज माझ्या हातात होता, दुपारी मुदत संपत होती. मी बंडप्पाच्या हातातली कुऱ्हाड घेतली. ज्ञानोबा वाकून सायकल उचलत होता. घाव मानेवर बसला. तो लगेच गेला नाही. पालथा पडून एका हातानं माती ओढत राहिला. मी दुसरा घाव घातला. तिसऱ्याची गरज नव्हती, तोही घातला. बंडप्पा रस्त्याच्या कडेला ओकत होता.

मला राग आला होता, असं वकिलानं कोर्टात सांगितलं. राग नव्हता. आदल्या दिवशी आण्णासाहेब पानाला चुना लावत एवढंच म्हणाले होते, "तुझा मेव्हणा हाय. तुझा हात आखडंल, लिंबाजी." मारून टाक असं म्हणाले नाहीत. माझा हात आखडला नाही, हे मला त्यांना दाखवायचं होतं. ज्ञानोबानं तुला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती, ते त्या वेळी मला आठवलं नाही. नंतर रोज आठवतं.

तू विचारलंस त्याला काय म्हणतात. मारेकरी म्हणतात. दुसरा शब्द मी लई शोधला.

त्याच दिवशी आण्णासाहेब बिनविरोध झाले, गुलाल उधळला. आमच्यासाठी त्यांनीच वकील दिला. त्यानं मला शिकवलं, घाव बंडप्पावर ढकल, त्याच्या बाजूनं बोलणारं गावात कुणी नाही. मी ढकलला. गावानं खरं मानलं. बंडप्पाच्या बायकोच्या, मल्लम्माच्या, दारावर धोंडे पडले, आणि ती पोरांना घेऊन जळकोटला माहेरी गेली. माझ्या बायकोला मात्र ज्ञानोबाच्याच घरात जागा मिळाली, कारण मी सोडवायला गेलो होतो.

काल मी जेलर साहेबांना सगळं लिहून दिलं, आण्णासाहेबांच्या नावासकट. मल्लम्मालाही लिहिलं. कोर्ट काय करील ठाऊक नाही. आण्णासाहेबांची माणसं मात्र तुमच्याकडं येतील, गोड बोलतील, मग दमात घेतील. मामीला आणि आईला आधीच सावध कर. शाळेत एकटी जाऊ नको.

हे पत्र दोघींना बसवून वाचून दाखव. मधलं काही गाळू नको. मामीनं कागद चुलीत घातला तर घालू दे. तुम्हाला त्या घरातून निघायला सांगितलं, तर भांडू नका. तिचा हक्क आहे. माझ्या शेतातली खोली अजून उभी आहे.

मला रजा मिळणार होती. मी घेणार नाही. मला भेटायलाही येऊ नको. तुझ्या तोंडाकडं बघून मी पुन्हा खोटं बोलेन, एवढं मी स्वतःला ओळखतो.

ज्ञानोबाला मारणारा,
लिंबाजी

नावाच्या वर 'तुझा आबा' लिहिलं होतं, ते खोडलं आहे. तो शब्द आता माझ्या हातात नाही.